आबांचं तैलचित्र

नगरचा हा पेंटर भुवईचा एकेक केस भिंगातून पाहून रंगवी, पण कौतुक करणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नसे. देवळालीच्या एका दिवंगत बागायतदाराचं, आबांचं, चित्र तो घरी पोचवायला निघाला, तेव्हा मी सोबत होतो. दुसऱ्या दिवशी अनावरणाला आबांना कधीही न पाहिलेले मंत्री येणार होते.

कापड दूर होताच मुलगे म्हणाले, "हुबेहूब आबा."

पेंटर त्यांच्या आईकडे पाहत होता. नवरा खोलीत आला की ही बाई कधी बसून राहिली नाही, हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं.

बाई बराच वेळ चित्र पाहत बसूनच राहिल्या. त्यानं पुन्हा कापड टाकलं.

"अवो, उद्या मंत्री येनार हायेत," थोरला घाबरला.

"ते येतील," पेंटर म्हणाला, "आबा अजून आले न्हाईत."