विहिरीजवळचं डाळिंब

आमच्या शेजाऱ्याला कुठलंही झाड दाखवा, तो पान चुरगळून नाकाशी धरायचा, एक डोळा मिटायचा आणि "थांबा, थांबा" म्हणत सगळ्या ठाणाकुशनूर गावाला ताटकळत ठेवायचा. लोक ताटकळायचेही. मी एखाद्या झाडाचं नाव सांगितलं की मात्र "आसंल बी" म्हणून विडी पेटवायचे. तो मिटलेला डोळा बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

जहागिरी गेल्यावर ओस पडलेल्या जहागीरदाराच्या बागेत, विहिरीजवळ, एक झाड रानासारखं माजलं होतं. फुलं लालभडक, गोंड्यासारखी. मी चावडीवर ठणकावून सांगितलं, डाळिंब आहे, फळं धरतील. हंगामामागून हंगाम गेले, एक फळ नाही. लोक मला बघून हसायला लागले आणि शेवटी त्याला तिथं घेऊन आले.

त्याने एक फूल उसवलं. आत पाकळ्याच पाकळ्या. डोळा मिटला. आता आपली अब्रू जाणार, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो.

"अण्णा म्हणले तेच खरं. डाळिंबच हाय," तो म्हणाला. "पर ही शोभेची जात, गुलनार. हिला फळ धरत न्हाई. कामून हसायलाव त्यांला?"

त्याने मला हरवलं असतं, तर निदान मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. वर त्याने मुळासकट एक फुटवा आणून माझ्याच दारात लावला.

आता तो फुलतो. येणारा-जाणारा नाव विचारतो. मी फूल हातात घेतो, "थांबा, थांबा" म्हणतो, आणि तेवढ्यात कळतं, माझा एक डोळा मिटलेला आहे.