ऐकू आलं तरच कप वर

त्या सकाळी मी नेहमीसारखी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले आणि समोरून हाक आली नाही. आमची सोसायटी आणि सारसोळे गावातलं हौसाआक्कांचं घर यांच्यामध्ये एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी गल्ली आहे. रोज समोरच्या गॅलरीतून आक्का विचारायच्या, ‘‘बाय, चाय झाली काय?’’ ऐकू आलं तर मी कप वर करायचा, नाही आलं तर हात खालीच ठेवायचा, असा त्यांचा कायदा. कधी कधी हाक उशिरा यायची. सकाळच्या औषधाची गोळी अजून चढली नसेल असं समजून मी थांबायचे. त्या दिवशीही थांबले, चहा गार होईपर्यंत. मग त्यांची सून नीलम बाहेर आली, कठडा धरून उभी राहिली आणि नुसतीच मान हलवली... आक्का पहाटे झोपेतच गेल्या होत्या. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

आक्का धवलारीण होत्या. आगरी-कोळी लग्नात हळदीपासून नवरी सासरी येईपर्यंत प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यानं, म्हणजे धवल्यानं, पुढे सरकतो. तिनं धवला उचलला नाही तर सगळं जागच्या जागी थांबतं. मी साताऱ्याकडची, बेलापूरच्या सरकारी कचेरीत जन्म घालवलेली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. कुणाच्या तरी हळदीचा डीजे घराच्या काचा हलवत होता म्हणून मी तावातावानं खाली उतरले, तर मांडवात पाटावर बसलेली ही बाई त्या डीजेवर मात करून गात होती. ‘‘निदान माइक तरी घ्या,’’ मी म्हटलं. ‘‘माइक कनाला? घसा काय भाड्यानं आनलाय?’’ भांडायला गेलेली मी जेवून परत आले.

त्याच आवाजाला पुढे ओहोटी लागली. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग पावलं आखूड झाली, आणि एक दिवस आक्का गल्लीतून हाक मारतायत आणि मासळीवाली पुढे निघून चाललीय, असं मी बघितलं. घरचे म्हणाले, वय झालं. सानपाड्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो काही रसायनांमार्फत. त्यातलं डोपामीन आक्कांच्या मेंदूत कमी पडत होतं. हाताची थरथर चारचौघांना दिसते, पण या एका रसायनाचा तोल गेला की चाल, आवाज, झोप, पोट, मनाची उभारी, सगळ्यालाच त्याची झळ लागते. आक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘नातीची हलद हाय. मना धवला बोलता येल ना?’’ गोळ्या वेळेवर घेतल्या, आवाजाचे व्यायाम केले तर येईल, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ‘‘खात्री मी देतंय,’’ आक्का म्हणाल्या. श्रद्धा त्यांची एकुलती नात. तिची हळद दुसऱ्या कुणाच्या आवाजात लागणार नव्हती.

आता जिद्दी माणसाला माप लागतं. गोळी किती काम करतेय हे कळायचं कसं? साखरेला यंत्र आहे, बीपीला यंत्र आहे, मग याला का नाही? मुलगा जगदीशनं मोबाईलवर शोधून घरच्या घरी करायचा किट मागवला. बाटलीत लघवी भरायची, कुरियरनं पाठवायची, की मेंदूतल्या साऱ्या रसायनांचा हिशेब घरपोच! रिपोर्ट आला तो लग्नपत्रिकेसारखा गुळगुळीत, रंगीत. त्यात डोपामीनचा पट्टा लाल रेघ ओलांडून पार वर गेलेला. आक्का हरखल्याच. ‘‘बग बाय, भरून सांडतंय! मंग गोली कनाला?’’ मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. हो म्हणाल्या, आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या.

दोनच दिवसांत अंगाचं लाकूड झालं. कूस बदलता येईना, चेहऱ्यावरची रेष हलेना, ओठाशी कान नेला तरी शब्द कळेना. डॉक्टर चिडले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते म्हणाले, गोळीचंच शरीरात डोपामीन होतं आणि त्यातलं बरंचसं मेंदूत न पोचता लघवीवाटे निघून जातं. गोळी घेणाऱ्याच्या लघवीत ते जास्त दिसणारच. ‘‘आजी, गच्चीवरची टाकी वाहतेय म्हणून तुमच्या मोरीतल्या नळाला पाणी असतंच असं नाही. लघवीवरून मेंदूतलं माप कळत नाही. आणि ही गोळी अशी एकदम बंद केली तर जिवावर बेततं.’’ गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि गाडी हळूहळू रुळावर आली. बोलता यायला लागल्यावर आक्कांनी रिपोर्ट मागून घेतला आणि त्यावर बोंबील निवडले. मग म्हणाल्या, ‘‘आता माजी टेस्ट मीच करन.’’

ती टेस्ट म्हणजे गल्लीपलीकडची हाक. आवाज माझ्यापर्यंत पोचला तर गोळी लागू पडली, नाही पोचला तर नाही. ‘‘माजी दया करून कप उचललास तर तुज्याशी बोलनार नाय,’’ असा दमही भरला होता. एकदा तर नुसतेच ओठ हलवले, आवाज काढलाच नाही! मी कप खाली धरून ढिम्म उभी. तेव्हा हसल्या. मी परीक्षेत पास झाले होते.

या टेस्टनं एक गोष्ट मात्र खरोखरच हाती लागली. न्याहारीला कालवण-भाकरी खाऊन वर गोळी घेतली की त्या सकाळी हाक गल्लीतच पडायची. आम्ही डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, मासळीतली प्रथिनं या गोळीची वाट अडवतात. गोळी रिकाम्या पोटी घ्या, मासळी रात्रीच्या जेवणात खा. कोळणीला सकाळची मासळी सोडायला सांगणं म्हणजे काय ते गावात राहिल्याशिवाय कळणार नाही. नीलम मला म्हणाली, ‘‘काकी, लिवून ठेवा, आठ दिस पन नाय टिकनार.’’ आक्का लग्नापर्यंत टिकल्या आणि लग्नानंतरही टिकल्या. शेजारच्या घरातून सुरमईचा वास आला की खिडकी लावून घ्यायच्या आणि शेजाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायच्या.

श्रद्धाच्या हळदीला आक्का पाटावर बसल्या. गोळीची वेळ नीलमनं सांभाळली होती. जगदीशनं माइक पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. आवाज पूर्वीचा नव्हता, निम्माही नव्हता. पहिली ओळ मागच्या बायकांना ऐकूच गेली नाही. मग कुणीतरी डीजे बंद करायला लावला, पोरं गप्प झाली, भांड्यांचा आवाज थांबला... आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला धवल्याचे शब्द नीट ऐकू आले. आक्का मध्ये थांबत, दम घेत, पण शेवटपर्यंत गायल्या. श्रद्धाच्या गालाला हळद लागली तेव्हा त्यांचा हात इतका हलत होता की निम्मी हळद साडीवर गेली. मी रडले, मला लाज वाटत नाही.

परवा सवयीनं कप घेऊन गॅलरीत गेले. आता हाक यायची नाही हे माहीत असूनही रोज जाते. समोर नीलम उभी होती. पुढच्या महिन्यात गल्लीत एक हळद आहे आणि धवला तिला उचलायचाय. आक्कांनी सगळे धवले तिला देऊन ठेवलेत, पण ही बाई इतकी हळू बोलते की फोनवरसुद्धा दोनदा विचारावं लागतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटली, ‘‘काकी, चाय झाली काय?’’

ओठांवरून मला कळलं होतं. पण मी हात हलवला नाही. ती वाट बघत राहिली. मग पदर खोचून तिनं अशी हाक दिली की खालचा पेपरवाला सायकल थांबवून वर बघायला लागला. मी कप वर केला.