मी धुरी, लालबाग

धुरीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मरत होते. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीच्या तळघरात आमचा डबिंग स्टुडिओ आहे. परदेशी मारधाडीचे सिनेमे तिथे मराठीत बोलायला लागतात. माईकसमोर साठीचा एक किडकिडीत गृहस्थ उभा होता. पांढरा शर्ट, पायात सँडल, चष्मा दोरीने गळ्यात. पडद्यावर एका कैद्याची गाडी उलटली, पेटली, आणि या माणसाने असा काही आवाज काढला की माझ्या हातातले कागद खाली पडले. आणि लगेच, कपाळावरचा घामही न पुसता, शांतपणे म्हणाला, "मी धुरी, लालबाग. चहा सांगा."

मी चक्रावलेच. आमचा रेकॉर्डिस्ट फ्रान्सिस, माझगावचा, मुलखाचा थट्टेखोर. पण तोही हसला नाही. त्याने ते वाक्य नीट रेकॉर्ड होऊ दिलं, मगच बटण दाबलं. "काकांचं असंच असतं," तो मला म्हणाला. "मेले की जिवंत असल्याचं सांगतात. मी नंतर कापून टाकतो." काका बाहेर आले, मला नखशिखांत बघून म्हणाले, "नवीन लिवणारी काय गो? एक लक्षात ठेव. मरण टेपवर शेवटचं ठेवायचं नाय." टेप जाऊन किती वर्षं झाली, पण ते टेपच म्हणायचे.

माझं काम संवाद लिहिण्याचं. पडद्यावरच्या गोऱ्याचे ओठ मिटले की तिथे प, ब, म असलं काहीतरी यायला हवं, उघडले की आ, आणि या सगळ्यातून अर्थही निघायला हवा. गिरगावात वाढलेल्या, एम.ए. मराठी केलेल्या बाईने 'हरामखोरा, गिअर टाक' लिहीत बसावं हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तो सिनेमा तर दिव्यच होता. कुठल्याशा वाळवंटातल्या तुरुंगात कैद्यांना गाड्या देतात, शर्यत लावतात, जग ते बघतं. जो जिंकेल तो सुटेल, बाकीचे मरतील. बाकीचे म्हणजे धुरीकाका. मुख्य नट वगळला तर त्या तुरुंगातला मरणारा प्रत्येक माणूस त्यांच्याच गळ्यातून मेला.

माझ्या कागदावर 'कैदी एक', 'कैदी दोन' असं लिहिलेलं असायचं. काकांना ते चालायचं नाही. "ह्याचा नाव काय?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "काका, तीन सेकंदांत मरतोय तो." ते म्हणायचे, "म्हणानच इचारतंय. नाव नसलेलो माणूस मरत नाय, नुसतो पडता." मग स्वतःच ठरवायचे. हा शिवडीचा बाबू. हा कणकवलीचा, बायको गरोदर आहे. आणि खरंच, बाबूची किंकाळी वेगळी यायची आणि कणकवलीवाल्याची वेगळी. आधी मला हा नाटकीपणा वाटला. मग मीच घरून नावं ठरवून न्यायला लागले.

ते राहायचे लालबागला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत होते. काकांनी तरुणपणी गिरणी कामगारांच्या नाटकांत कामं केली, पुढे गिरणी गेली आणि गळा तेवढा राहिला. त्या गळ्याला ते फार जपत. मसाल्याच्या दुकानांत मिरची कांडायला लागले की नाकाला रुमाल लावून लांबचा वळसा घेत. "अख्खो लालबाग मसालो खाता, मी तेवढो चुकवतंय," म्हणायचे. बायको लवकर गेलेली. एकच मुलगा, संदेश. तो एका कंपनीचं सामान मोटरसायकलवरून घरोघर पोचवायचा.

'मी धुरी, लालबाग' हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा जिन्यात बसून सांगितलं. नाटकात ते शेवटच्या अंकात मरायचे. बायको विंगेत संदेशला कडेवर घेऊन उभी. बाप मेलेला बघून पोर असा टाहो फोडायचा की प्रेक्षकांना ऐकू जायचं. म्हणून पडदा पडला की काका तोंडावरचा रंगही न पुसता धावत विंगेत जायचे, त्याच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी धुरी, लालबाग. चहा सांगा." पोर रडायचं थांबायचं आणि बोबड्या आवाजात म्हणायचं, "चहा." ते सांगताना काका हसत होते.

मग ती गोष्ट घडली. संदेश आणि त्याचे मित्र रविवारी पहाटे माझगावच्या गोदीकडच्या सरळ रस्त्यावर मोटरसायकलींच्या शर्यती लावायचे. घरात कुणाला पत्ता नव्हता. एका पहाटे संदेश सगळ्यांच्या पुढे होता आणि गोदीत कामाला निघालेला एक माणूस रस्ता ओलांडत होता. तो माणूस जागीच गेला. संदेश पळाला नाही. रस्त्यातच बसून राहिला. पोलीस आले, केस उभी राहिली, आणि पोरगा सातरस्त्याच्या जेलमध्ये गेला. काकांनी वकील केला, पण जामिनाच्या कागदावर संदेश सहीच करीना.

काका त्या मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन आले. कुणी जा म्हटलं नव्हतं. उलट वकिलाने बजावलं होतं, जाऊ नका. मी विचारलं, काय बोललात तिथे? म्हणाले, "काय बोलतलंय? दारात उभो रवलंय. तेच्या बायकोन पाणी दिल्यान. कोण म्हणान इचारल्यान तेव्हा सांगितलंय. तिना दार लावन घेतल्यान." थोड्या वेळाने म्हणाले, "पिक्चरात इतकी माणसा मरतत गो, तेंच्या घराक कोण जायत नाय." त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला, पण प्याले नाहीत.

संदेश त्यांना भेटेना, हे सगळ्यात वाईट झालं. मुलाखतीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून जेलच्या भिंतीला लागून रांगेत उभे राहायचे. आत नाव जायचं, आणि शिपाई बाहेर येऊन सांगायचा, "नको म्हणतोय." दर खेपेला तेच. एका माणसाचा जीव घेतलेलं तोंड बापाला कसं दाखवायचं, असं त्या पोराला वाटत असणार. ते कळत होतं. पण रांगेतून परत येणाऱ्या बापाकडे बघवत नव्हतं. मी एकदा रागाने म्हटलं, "काका, पुरे आता. नको म्हणतो तर राहू दे त्याला." ते माझ्यावर कधी चिडत नसत, त्या दिवशी चिडले. "तेका एकदा माझा तोंड दिसाक व्हया," म्हणाले. "तेका वाटता, मी तेच्यासाठी मेलंय."

अशात त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. पहिल्या भागात कथा नव्हती. दुसऱ्यात ती नसल्याचं लपवायलाही कुणी बसलं नव्हतं. तोच तुरुंग, त्याच गाड्या, मरणारे फक्त जास्त. पण त्यात एक म्हातारा कैदी होता. डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट, तोंड कधीच दिसत नाही. तो शर्यतीत एका तरुण कैद्याच्या पुढे गाडी ठेवतो, वायरलेसवरून त्याला वाट सांगतो, आणि शेवटी त्याच्या वाट्याचे सुरुंग स्वतःवर घेतो. मी हट्टाने तो म्हातारा काकांना दिला. दुसऱ्यांच्या गर्दीत मरण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, एकदा तरी पूर्ण माणूस म्हणून मरू देत, एवढाच विचार होता. काकांनी एकच अट घातली. "ह्या म्हाताऱ्याक मालवणी बोलांदे." ओठ दिसत नव्हते, तेव्हा हरकत काय असणार? मी म्हातारा मालवणी केला. तो त्या तरुणाला सिनेमाभर 'झिला', म्हणजे पोरा, म्हणतो.

काकांची छाती तेव्हाच धरायला लागली होती. जुना दमा. दोन वाक्यांमध्ये थांबायचे, पाणी प्यायचे. फ्रान्सिस म्हणाला, काका, उद्या करू. म्हणाले, "उद्याचा म्हातारो वेगळो असतलो. आज होता तो होऊन जांदे."

शेवटचं मरण दुपारी घेतलं. तुरुंगाचं फाटक उघडतंय, तरुणाची गाडी त्या दिशेने सुटली आहे, मागे म्हाताऱ्याची गाडी जळते आहे. मी त्याला दोनच शब्द दिले होते: "जा, झिला." काकांनी ते म्हटले, आणि मग त्यांचा श्वास हळूहळू तुटत गेला. किंकाळी नाही, काही नाही. मी कानाला हेडफोन लावून बसले होते. पडद्यावर नुसती आग होती. आता 'मी धुरी, लालबाग' येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही. बराच वेळ गेला, आणि मग त्याच तुटक्या श्वासात, माईकच्या अगदी जवळून काका म्हणाले, "मी हय आसंय रे झिला. भायर ये. एकदा तोंड दाखय."

बाहेर आले तेव्हा नेहमीसारखेच होते. "झाला?" म्हणाले. मी झालं म्हटलं. आम्ही चहा प्यायलो. ते वाक्य कुणाला होतं ते मला कळलं होतं, त्यामुळे मी त्याबद्दल बोलले नाही. फ्रान्सिस नेहमीप्रमाणे कापेल, असं मी धरून चालले. आणि फ्रान्सिस? तो बिचारा इतकी वर्षं एकच ठरलेलं वाक्य शोधून कापत आला होता. त्या दिवशी लालबागही नव्हतं आणि चहाही नव्हता. म्हातारा 'मी इथे आहे' म्हणून तरुणाला फाटकाबाहेर बोलावतोय, मालवणीतच बोलतोय. त्याला वाटलं, ऐन वेळी मीच ते वाक्य वाढवलं. त्याने ते जपून ठेवलं, आगीच्या आवाजातही नीट ऐकू येईल असं वर उचललं. डबिंग ऐकून पास करणाऱ्या साहेबांना ते आवडलंच.

पावसाळा संपता संपता काकांना परळच्या इस्पितळात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क होता. मी म्हटलं, "काका, म्हाताऱ्याचं हेल्मेट शोभतं तुम्हाला." डोळ्यांनी हसले. चार दिवसांनी सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. तो रात्रभर उशाशी बसलेला होता, पण काका नेमके कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. आवाज म्हणून झाला नाही. इतक्या लोकांना इतकी मोठमोठी मरणं देणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एक हुंकारही ठेवला नव्हता.

संदेशला अंत्यदर्शनासाठी सोडायचा हुकूम मिळाला, पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. पोलिसांची गाडी स्मशानात पोचली तेव्हा पुतण्याने अग्नी देऊन झाला होता. मी तिथे संदेशला पहिल्यांदा पाहिलं. बापासारखाच किडकिडीत. तो चितेजवळ आला नाही. हवालदाराच्या शेजारी उभा राहून लांबून बघत राहिला. ज्याला तोंड दाखवायचं नव्हतं त्याचं तोंड आता बघायला मिळणार नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

दिवाळीनंतर कधीतरी तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी माझे सिनेमे बघत नाही, पण म्हाताऱ्यासाठी बसले. आग आली, मी रिमोट उचलला, आणि माझ्या गिरगावातल्या खोलीत काका बोलले, "मी हय आसंय रे झिला." मी उभीच राहिले. फ्रान्सिसला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, ते तुम्ही लिहिलेलं नव्हतं?"

आठवड्याभरात पुतण्या माझा पत्ता काढत आला. संदेशने मुलाखतीला बोलावलं होतं, मला. बराकीत टीव्ही असतो. त्या दिवशी सगळ्या कैद्यांनी कैद्यांचा सिनेमा बघितला होता. पुतण्याबरोबर मी त्याच भिंतीला लागून, त्याच रांगेत उभी राहिले. आत नाव गेलं. शिपायाने बाहेर येऊन हाताने 'चला' केलं. ते बघून मला रडू फुटलं, कारण हाच हात बघायला एक माणूस किती वेळा इथे उभा राहिला होता.

काचेपलीकडे संदेश बसला होता. मधे फोन. त्याने मान वर केली आणि एकच विचारलं, "ते शेवटचं तुम्ही लिहिलंत?"

"नाही," मी म्हटलं. "माझं फक्त 'जा' होतं. 'ये' त्यांचं."

त्याने ते दोन शब्द पुटपुटून पाहिले. मग पुतण्याकडे बघून म्हणाला, जामिनाचे कागद आणायला सांग, सही करतो. त्या माणसाच्या घरी जायचंय. मी म्हटलं, दार लावून घेतील. म्हणाला, "बाबांना लावलं होतं ना? मग मलाही लावू देत."

वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं. मी फोन ठेवणार इतक्यात तो काचेजवळ आला, आणि बापाच्याच सुरात, अगदी शांतपणे म्हणाला, "मी धुरी, लालबाग." पुढचं बोलण्याआधी लाईन कापली गेली.

बाहेर आल्यावर नाक्यावरच्या टपरीवर मी चहा सांगितला. पुतण्याने विचारलं, दोन? मी म्हटलं, "तीन सांग."