दुहेरी गाठ

पायांना जाड पॅड चढले, की रोलर हॉकीच्या गोलकीपरला स्वतःच्या स्केटची नाडी बांधायला वाकता येत नाही. आमच्या मुलींच्या संघात हे काम राखीव गोलकीपरचं, म्हणजे माझ्या सईचं. अख्खा हंगाम तिने मुख्य गोलकीपर रेवाच्या नाड्या बांधल्या आणि बाकावर जाऊन बसली.

आज शेवटचा सामना होता. हरलो तर वरच्या लीगमधून थेट खाली. रिंकवर चाकांची घरघर चालली होती. रेवाने पाय पुढे केला.

"घट्ट बांध गं," ती म्हणाली.

सई गुडघ्यावर बसली. मी कठडा धरून बघत होते. दुसरीला उभं करायला असं वाकणं या मुली कुठून शिकतात? माझ्याकडून तर नक्कीच नाही. माझ्या मनात तेव्हा आलं होतं, सुटू दे ती नाडी, मग माझी पोर उतरेल.

सईने गाठ ओढून पाहिली. तिच्यावर आणखी एक मारली. रेवाच्या पॅडवर थाप देत म्हणाली, "जा. आता नाही सुटायची."

शिट्टी झाली. हंगामात पहिल्यांदाच मी रेवाचं नाव घेऊन ओरडले.