अगाफियाच्या मोटरीचा पंखा

पेट्रोल विकत घेताना अगाफिया ते आधी हुंगायची, मग त्यात बोट बुडवायची, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बाई तशी सोन्यासारखी, पण संशयानं पोखरलेली! नवरा तेरेंती गेल्यावर गावातल्या होड्यांच्या मोटरी हिवाळ्यासाठी बांधून ठेवायचं त्याचं काम तिनं उचललं. नाताळाचा उपास लागायच्या आधी, डॅन्यूबचे फाटे गोठायच्या आत, जो तो आपली मोटर तिच्या पडवीत आणून टाकायचा. पिपातल्या स्वच्छ पाण्यात मोटर चालवायची, चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची म्हणजे आतला थेंबन्‌थेंब जळून जातो, मग प्लग काढून तेल फवारायचं, आणि शेवटी पाण्यात फिरणारा पंखा उतरवायचा. हा पंखा म्हणजे गावाचा चहाडखोर. वर्षभरात कोण कुणाच्या जाळ्यावरून गेला, ते पंख्यामागच्या दांड्याला गुंडाळलेलं असतं.

यंदा ती एकच दोरा शोधत होती. पिवळा. तेरेंतीनं मरणाआधीच्या हिवाळ्यात हातानं विणलेल्या जाळ्याला तसा काठ होता, आणि तसा दोरा गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. जूनमध्ये ते जाळं फाटलेलं सापडलं, अर्धं तर वाहूनच गेलं. त्या रविवारी अगाफियानं चर्चच्या अंगणात, अख्ख्या गावादेखत, धाकट्या दिराचं नाव घेतलं. "लुकियाननंच फाडलं! त्या बाजूला याचीच होडी होती!" लुकियान मान खाली घालून उभा राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तेव्हापासून, जाळं फाडून मासे नेले असं धरून, लोक त्याला चोर म्हणू लागले.

अगाफिया लग्न होऊन आली तेव्हा हा लुकियान नऊ वर्षांचा होता. तिनंच त्याला वाढवलं. पोटचं कुणी नाही, नवरा गेलेला, आपलं म्हणायला हा एवढाच उरला होता. त्यालाच तिनं तोडला. आतून जीव तुटायचा, पण हट्ट सुटेना.

नोव्हेंबरात सगळ्यांच्या मोटरी आल्या, लुकियानची तेवढी आली नाही. "खाई त्याला खवखवे," अगाफिया येईल त्याला ऐकवायची. मग एका सकाळी तो फाटकात उभा राहिला, रिकाम्या हातांनी.

"वहिनी, यंदा तुझी मोटर मी बांधतो. पाठ दुखते ना तुझी?"

"पाच महिने तोंड दाखवलं नाहीस, आणि आज माझ्या पाठीचा कळवळा? कुठंतरी पाणी मुरतंय, लुक्या."

"मुरू दे. मोटर दे."

"आधी तुझी आण. पंखा मी उतरवते."

तो तसाच मागे फिरला.

स्वतःची मोटर अगाफिया सगळ्यांच्या शेवटी घ्यायची, त्यामुळे ती अजून तशीच पडून होती. दोन दिवसांनी ती बाजारातून परतली, तर हा पडवीत! तिच्याच मोटरीपाशी उकिडवा, हातात पाना, पंख्याचा नट निम्मा सुटलेला. अगाफियानं सरळ वल्हं उचललं.

"मेल्या! जाळं गिळलंस, आता मोटरही मोडतोस?"

"वहिनी, ऐक तरी..."

"काय ऐकू? चोराच्या मनात चांदणं! चालता हो!"

तो पाना टाकून पळाला. यानं काय मोडून ठेवलंय ते बघायला तिनं नट काढला, पंखा ओढला. मागे पिवळा दोरा.

"बघा! माझ्यावरच उलटवायला आणून गुंडाळला!" ती रिकाम्या पडवीत ओरडली आणि दोरा नखानं उकलायला गेली. उकलेना. तापून, वितळून तो दांड्याला घट्ट चिकटला होता, वर चिखल वाळलेला. मागचं रबरी सील कापलं गेलं होतं. तिनं खालचा स्क्रू सोडला, तर तेल आलं ते दूध घातलेल्या चहासारखं. कित्येक महिने पाणी आत झिरपत होतं. असं काम पाव तासात कुणाला जमत नाही, हे तिच्याइतकं गावात कुणाला कळणार?

मग तिला जूनमधली ती संध्याकाळ आठवली. वादळ येत होतं, ती भरधाव घराकडे निघाली होती, आणि पाण्यात उंच वाढलेल्या बोरूच्या बेटापाशी होडीला एक हिसका बसला होता. ओंडका असेल म्हणून ती थांबलीसुद्धा नाही. वाऱ्यानं जाळं जागचं सरकलं असणार. तेरेंतीच्या हातचं शेवटचं जाळं तिनंच फाडलं होतं. दिव्याखाली अंधार! अगाफिया पिपाला टेकून बसली आणि ढसाढसा रडली.

तशीच उठून ती लुकियानकडे गेली. तो मासे साफ करत होता.

"तू बघितलं होतंस."

"बोरूत होतो. बघितलं."

"मग अंगणात तोंड शिवलं होतंस का? चोर म्हणाले तुला!"

"म्हणू देत, माझं काय जातंय? दादाचं जाळं आपल्याच हातून गेलं हे कळलं असतं, तर तू परत होडीत पाय ठेवला नसतास. म्हणून तर दोरा गुपचूप काढायचा होता. माझी मोटरही म्हणूनच आणली नाही, तिचा पंखा कोरा निघाला असता."

रविवारी, त्याच अंगणात, लोक घरी निघायच्या आत अगाफिया मोठ्यानं म्हणाली, "जाळं माझ्या मोटरीनं फाटलं. लुकियानवर मी खोटा आळ घेतला." आणि त्या म्हातारीनं धाकट्या दिरापुढे गोठलेल्या मातीवर कपाळ टेकलं. "मला क्षमा कर."

लुकियान गडबडला. अशा वेळी सगळे म्हणतात तेच म्हणाला, "देव क्षमा करील, वहिनी. ऊठ, ऊठ."

ती उठेना. मान तेवढी वर करून तिनं त्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं.

"देवाचं मला नको सांगूस. तू केलीस का?"