राण्यांच्या नाण्यांचे काका

“नकली आहे हं, आधीच सांगतो!”

गिऱ्हाइकाच्या तळहातावर नाणं ठेवायच्या आत काका हे म्हणून टाकायचे. इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात तुम्ही कधी हिंडला असाल, तर मान तिरपी करून असं बजावणारा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. माल नकली आणि ऐट मात्र सराफाची!

जुनी इंदूर मोहल्ल्यात ते माझे शेजारी. कारखान्यात ठसे कोरण्यात जन्म गेला आणि निवृत्तीनंतर त्यांनी प्राचीन रोमची नाणी पाडायला घेतली. तीही फक्त राजघराण्यातल्या बायकांची. सम्राटाची आई, बहीण, बायको.

“रोमवाले बायकांची कदर करायचे भिया. राणी गेली की तिच्या नावाचं नाणं. डोक्यावर पदर, आणि पलटून बघा, मोर! हा तिला स्वर्गात घेऊन जातो.”

नाणी उजळायचं काम काकूंचं. काळ्या केलेल्या पितळेवर राखेचा अंगठा फिरवून त्या नाक, केस आणि पदराची कड तेवढी चमकवायच्या. मेळ्यातही काकांच्या मागे बसून त्यांचं हेच चाललेलं असे. एकदा मी दुकानाचा फोटो काढायला मोबाइल उचलला, तसे काका म्हणाले, “अगं, जरा सरक ना. नाण्यांचा फोटो येऊ दे.” काकू मुकाट्यानं सरकल्या. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेरावं झाल्यावर काका माझ्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“हिचं नाणं काढायचंय. त्याला चेहरा बाजूनं लागतो, आणि घरातले सगळे फोटो समोरून. म्हटलं, आठवून कोरू. तर भिया, नाकच आठवेना! त्या राण्यांची नाकं मी डोळे मिटून कोरतो. शरम वाटते हो, कोणाला सांगू? तुमच्या मोबाइलमध्ये आहे का एखादा?”

माझ्याकडे तो एकच फोटो होता. राण्या एकदम साफ आल्या होत्या. कडेला राखेनं माखलेला अंगठा आणि दोन हिरव्या बांगड्या. काकांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला.

“मीच सरकवली,” ते म्हणाले आणि मोबाइल पालथा करून माझ्या हातात दिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

यंदा मेळ्यात राण्यांच्या मधोमध एक नवं नाणं दिसलं. डोक्यावर पदर होता, त्याची कडसुद्धा चमकवलेली. चेहऱ्याच्या जागी नुसतं सपाट पितळ.

एका कॉलेजच्या मुलीनं ते उचललं. “ये कौन सी रानी है अंकल?”

एरवी घटकाभर बोलणारे काका “सुमन” एवढंच म्हणाले. काकूंचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“और चेहरा?”

“मैंने देखा नहीं, बेटा.”

तिला काही कळलं नसावं. तिनं नाणं जागेवर ठेवलं आणि फोटो काढायला मोबाइल उचलला. काका स्टूल घेऊन उठले आणि मागे, काकू बसायच्या तिथे, सरकून बसले.