डाएट चार्टचं दुसरं पान

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका माणसाला सांगितलं, गेल्या महिन्यात, आणि तेवढ्यासाठी मला चार वर्षं लागली. आता तुम्हाला सांगते.

अशी गोष्ट सांगताना सासू खाष्ट असली की किती सोपं जातं, नाही? आमच्या आईंनी माझी तेवढीही सोय ठेवली नाही. सासरे गेल्यावर त्या साताऱ्याहून आमच्याकडे आल्या, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी मिनिस्ट्रीत नोकरीला, घरी यायला साडेसहा. तोवर स्वयंपाक तयार असायचा — मटकीची उसळ, दाण्याचं कूट घातलेली मेथी, गरम भाकरी. कुणालाही हेवा वाटावा असं सुख, आणि मला ते टोचायचं. डबे त्यांच्या सोयीने लावलेले, माझी कढई माळ्यावर. आणि नितीन, माझा नवरा, ताट पुसून खायचा नि म्हणायचा, आईच्या हाताला काय चव आहे यार. बारा वर्षं माझ्या हातचं खाऊन त्याने यातलं एक अक्षर काढलं नव्हतं.

एवढंच. खरंच, कारण एवढंच होतं.

नितीनचं वजन वाढलं होतं, हे मात्र खरं. कशाने? ऑफिसच्या कँटीनमधल्या समोशांनी. मला ठाऊक होतं, त्यालाही होतं, पण घरी तो याबद्दल अवाक्षर काढत नसे. शेवटी मीच त्याला एका डाएटिशियन बाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, घरी काय काय खाता ते त्याच्याकडून लिहून घेतलं. आठवड्याने चार्ट आणायला मी एकटीच गेले, तो टूरवर होता.

दोन पानांचा चार्ट. पहिलं छापील, इंग्रजीत — मेडिटरेनियन डाएट, ऑलिव्ह ऑइल, हमस, किन्वा, ग्रिल केलेली मासळी. दुसरं पान बाईंनी स्वतः हिंदीत लिहिलेलं. ते दाखवत त्या म्हणाल्या, पहिलं पान सगळ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी हे. ‘माताजी जो बनाती हैं, वही बनाती रहें. दाल, उसल, साग, ज्वार की रोटी, मूँगफली — सब अच्छा है. बस तेल आधा, चावल कम, बाहर का बंद.’

मी घरी आले, बाथरूममध्ये गेले, आणि पिन काढून दुसरं पान पर्समध्ये टाकलं. का तेच? आईंना इंग्रजी येत नव्हतं. हिंदी मात्र त्या घडाघडा वाचायच्या.

बाहेर येऊन मी म्हटलं, “आई, तुमचं दाण्याचं कूट, फोडण्या, सगळं बंद करायला सांगितलंय. त्यानेच वजन वाढलंय म्हणे.”

त्यांनी हातातलं पीठ झटकलं. “माझ्या हातच्या जेवणाने?”

इथे मला थांबता आलं असतं. नाही का? मी मान हलवली.

त्या दिवसापासून त्या ओट्याकडे फिरकल्या नाहीत. मी काबुली चण्यांचं हमस वाटू लागले. नितीन सात किलो उतरला — समोसे सोडले होते आणि संध्याकाळी चालायला लागला होता, दुसरं काय? आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी माझ्याकडे चार्ट मागितला. मी झेरॉक्स वाटल्या. पहिल्या पानाच्या.

तीन महिन्यांनी आई फरीदाबादला सुनीताकडे, म्हणजे लेकीकडे राहायला गेल्या. लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांच्या पिढीला किती जड, तुम्हाला सांगायला नको. निघताना शेजारणीला म्हणाल्या, माझ्या हातचं पोराला बाधलं हो. मी ऐकलं आणि चहा पीत राहिले.

ते पान पर्समधून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं. फाडलं का नाही? माहीत नाही. गेल्या महिन्यात आमचा सेक्शन दुसऱ्या मजल्यावर हलला, ड्रॉवर रिकामा करताना ते हाती आलं, आणि शनिवारी मी मेट्रोने फरीदाबादला गेले. सुनीता बाजारात गेली होती. आई मेथी निवडत बसल्या होत्या. मी पान त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं, त्यांच्याकडे न बघता.

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मी शिव्यांची वाट पाहत होते — आल्या असत्या तर बरंच झालं असतं.

“म्हणजे माझ्याने काही झालं नव्हतं त्याला?”

“नाही, आई.”

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मांडीवरची मेथीची पानं हलली. मग म्हणाल्या, “चार वर्षं तो इथे आला की मी सुनीताला करायला लावते गं. साधा चहासुद्धा मी केला नाही त्याच्यासाठी.”

मग त्यांनी पान घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. मेट्रोत उभं राहायलाही जागा नव्हती, पण छाती मोकळी झाली होती. इतकी की मला त्याची लाज वाटली.

पुढच्या रविवारी आईंनी नितीनला एकट्याला जेवायला बोलावलं. संध्याकाळी तो पट्टा सैल करत सोफ्यावर पडला. “आज आईने स्वतः केलं होतं सगळं,” म्हणाला, “कसं काय कोण जाणे.” त्याला अजून माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

नितीन फरीदाबादहून येताना आई दर वेळी त्याच्याबरोबर माझ्यासाठी एक डबा धाडायच्या. त्या दिवशी आला नाही. मी उठले, त्या गेल्यावर मी माळ्यावर टाकलेली त्यांची कढई खाली काढली, घासून जागेवर ठेवली. मग वरणभात लावला, आणि पोटभर जेवले.